टोचायची गरज नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बारके,

आधी एवढं वाच: भिंगरी घरी आहे, माझ्या शेजारी झोपलीय, आणि डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही. आता पुढचं वाच. माझं डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

कालपासून तिला उलट्या होताहेत. आज सकाळी चौथी झाली आणि ती उभी राहताना भिंतीला धरायला लागली. मी ग्रंथालयात कळवलं की आज पुस्तकं शिवायला येत नाही, आणि तिला टॅक्सीत घालून मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात नेलं. त्या विभागाचं नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा तिथे बसवायला हवं. दहाला पोचलो. डॉक्टरांसमोर बसलो पावणेतीनला.

खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "तुम्ही कोण?"

म्हटलं, "मावशी."

"ते दिसतंय. नात्यातलं कोण आलंय?"

म्हणजे तिला वाटलं, मी पोर सांभाळायला ठेवलेली मावशी. म्हटलं, "सख्खी मावशी. तिच्या आईची थोरली बहीण." मग, "आई कुठंय?" डोंगरात रस्त्याची मोजणी करतेय, एप्रिलपर्यंत येणार नाही, असं सांगितलं. तिनं भुवया वर केल्या. "वडील?" म्हटलं, ते दुसऱ्या संसारात रमलेत, त्यांचा पत्ता आम्हीही विचारत नाही. तिनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि कागद पालथा घातला.

मग बसून राहिलो. एकमेकींना स्क्रूनं जोडलेल्या खुर्च्या, एकजण हलला की सगळी रांग हलते. भिंतीवरच्या पडद्यावर नंबर यायचे ते कुठल्या क्रमानं, देव जाणे. आमचा सत्तेचाळीस. बेचाळीसनंतर एकसष्ट आला. विचारायला गेले तर, "गंभीर असेल त्याला आधी घेतात." म्हटलं, "ही गंभीर नाही हे कुणी ठरवलं? अजून कुणी हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही." त्यावर ती म्हणाली, "बाई, बसून घ्या."

भिंगरी कोपऱ्यातल्या यंत्राचं पाणी उठून उठून पीत होती. मी मोजलं, नऊ कागदी पेले. मग सगळं माझ्या मांडीवर उलटलं. पुसायला आलेल्या माणसानं फडकं असं आपटलं, जणू आम्ही मुद्दाम केलंय.

डॉक्टर तरुण होता. डोळे लाल, समोर अर्धं खाल्लेलं बिस्किट. मी सगळं एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं: पंधरा दिवस सारखी तहान, अंथरूण दोनदा ओलं (सात वर्षांची पोर, तीन वर्षांत कधी झालं नव्हतं), शाळेचा फ्रॉक कमरेत सैल, कालपासून उलट्या. तो म्हणाला, "ठेवा तुमच्याकडे, तोंडी सांगा." तोंडी सांगायला लागले तर टाइप करायला लागला. पोट दाबलं, जीभ बघितली, घसा बघितला.

"पोटाचा संसर्ग आहे. शाळाशाळांमधून चाललाय."

"पण ती फार पाणी पितेय."

"उलट्या झाल्या की तहान लागणारच."

"उलट्या कालपासून आहेत. तहान पंधरा दिवसांची आहे."

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. चिडून नव्हे, दमून. "मावशी, मुलं पाणी पितात. चांगली गोष्ट आहे ती."

मी म्हटलं, "रक्त तरी तपासा."

"टोचायची गरज नाही. उगाच लेकराला कशाला त्रास?"

 त्यानंच त्रास नको म्हटल्यावर मी 'टोचाच' कसं म्हणणार? त्यानं कागद हातात दिला: थोडं थोडं ग्लुकोजचं पाणी, फळांचा रस, उलटीची गोळी, तीन दिवसांत उतार पडेल. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत सहा मिनिटं.

तुझ्या कचेरीत जाऊन वायरलेसवर निरोप द्यावा असं मनात आलं होतं. पण काय सांगू? डॉक्टर म्हणतो काही नाही आणि मी म्हणते काहीतरी आहे? म्हणून हे पत्र उद्याच्या गाडीनं. शिधा घेऊन ड्रायव्हर निघायच्या आत नेऊन देते.

मला हे पटलेलं नाही. एवढंच.

ताई


गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल संध्याकाळी पिठाच्या पोत्यांबरोबर आलं. तंबूत उभ्या उभ्या वाचलं.

राग येणार तुला, तरी लिहिते. तू नेहमीच राईचा पर्वत करतेस. मला गोवर आला होता तेव्हा तू शेजाऱ्यांना माझं शेवटचं दर्शन घ्यायला बोलावलं होतंस, ते विसरलीस? मूल शाळेतून काहीतरी घेऊन आलंय. डॉक्टरनं तपासलं, औषध दिलं. तो दिवसाला शंभर मुलं बघतो. त्याला कळतं तेवढं आपल्याला कळत नाही, हे मान्य करायला काय जातं?

आणि ते 'आई कुठंय'. ते तू इतकं सविस्तर का लिहिलंस, ते मला कळतं बरं का. त्या बाईच्या तोंडून तूच विचारते आहेस. मी इथे हवा खायला आलेले नाही. दिवसभर दुर्बीण खांद्यावर घेऊन कडे चढते, संध्याकाळी बोटं सुजलेली असतात. हे काम पुरं केलं तर शहरातल्या कचेरीत कायमची जागा मिळेल आणि मी पुन्हा भिंगरीला सोडून कुठे जाणार नाही. हे तुझ्याच स्वयंपाकघरात बसून ठरलं होतं. तेव्हा तू 'जा' म्हणाली होतीस.

कागदावर लिहिलंय तसं कर. ग्लुकोज देत राहा. रस दे, तिला आवडतो. उगाच पुन्हा त्या दवाखान्यात धावू नकोस. तिथे अजून चार रोग घेऊन येईल. तिला सांग, आईनं एक मोठं घुबड बघितलं, अगदी ग्रंथपालांसारखं दिसणारं.

तुझी बारकी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी, दुपार

बारके,

तुझ्या कचेरीतला माणूस सकाळपासून वायरलेस लावतोय. वरती ढग आहेत, लागत नाही म्हणतो. म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हातात देणार आहे. तो उद्या पहाटे निघेल. तू त्याच गाडीनं परत खाली ये. सामान आवरत बसू नकोस.

भिंगरी अतिदक्षता विभागात आहे. तिला मधुमेह आहे. मोठ्यांना होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून साखर रक्तात साठत जाते. ती साखर बाहेर टाकायला शरीर लघवी करत राहतं, म्हणून तहान. हे सगळं मला काल कळलं, नर्सनं सांगितलं. पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

बुधवारी उलट्या थांबल्या. मला वाटलं, उतार पडला. ती नुसती झोपून होती. मी दर अर्ध्या तासानं ग्लुकोजचं पाणी पाजत होते, चमच्यानं, कागदात लिहिलं होतं तसं. संत्र्याचा रस दिला. काल दुपारी तिचा श्वास वेगळा वाटला. खोल, भराभरा, पळून आल्यासारखा, आणि ती तर पडून होती. तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. हाक मारली तर डोळे उघडले, पण बघत होती माझ्या पलीकडे.

खालच्या मजल्यावरच्या सुतारानं तिला उचलून गाडीत ठेवलं. तोच दवाखाना, तीच खिडकी, तीच बाई. तिनं कागद पुढे केला. मी तो घेतलाच नाही. भिंगरीला तशीच उचलून आतल्या दारातून शिरले. मागून ओरडत होती, ओरडू दिलं.

आत एक पोक्त नर्स होती. तिनं जवळ येऊन नुसता वास घेतला. एक शब्द विचारला नाही. खिशातून छोटं यंत्र काढलं, भिंगरीचं बोट टोचलं, एक थेंब. यंत्रावर आकडासुद्धा आला नाही, 'मापनापलीकडे' अशी खूण आली. तिथून पाच माणसं धावली. किती वेळ लागला सांगू? एक मिनिट. मंगळवारी मी पावणेपाच तास बसले होते, आणि जे करायचं होतं ते एका मिनिटाचं होतं.

नर्सनं विचारलं, "घरी काय काय पाजलंत?" मी तो कागद दिला. तिनं पूर्ण वाचला, पुन्हा वाचला, मग घडी करून माझ्या हातात ठेवला आणि हळू म्हणाली, "हा जपून ठेवा. हरवू देऊ नका."

डॉक्टर म्हणतात, पुढचा एक दिवस जिकिरीचा. साखर एकदम उतरवता येत नाही, मेंदूला सूज येऊ शकते. काचेतून दिसते ती. एवढ्याशा हाताला तीन नळ्या.

ये.

ताई


गुरुवार, २७ फेब्रुवारी

ताई,

कालच वर पोचले. आपण शेवटचे सहा दिवस एका घरात राहिलो आणि 'इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवलंस का', 'सुई बदललीस का' यापलीकडे एक शब्द बोललो नाही. समोरासमोर जमलं नाही ते लिहून बघते.

पहिल्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा चिखलाचे बूट घालूनच धावत वर आले. तू काचेपाशी उभी होतीस. मी सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "तू तिला साखर पाजलीस." तू काही बोलली नाहीस. कागदही दाखवला नाहीस. तो त्या नर्सनं दोन दिवसांनी तुला मला दाखवायला लावला.

माझं सहा तारखेचं पत्र तुला मिळालं का? मी ज्या गाडीनं खाली आले त्याच गाडीत ते होतं. ड्रायव्हरनं कचेरीत टाकलं असणार. तुझ्या टेबलावर मी शोधलं, सापडलं नाही. मिळालं नसेल तर आलं की फाडून टाक. मिळालं असेल तर तू वाचलंस आणि माझ्या ताटात वाढत राहिलीस, आणि ते मला सोसत नाही.

मी इथे मोजणीत दोन बोटांचा फरक आला तरी पुन्हा कडा चढून जाते. तुझं पत्र मात्र एकदाच वाचलं. त्यात 'पंधरा दिवस तहान' दोनदा लिहिलं होतंस.

भिंगरीनं घरी आल्यावर मला विचारलं, "मी वाईट वागले म्हणून टोचतात का?" मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "मावशीवर ओरडू नको. ती पण नाही वाईट वागली." म्हणजे काचेपलीकडे ती जागी होती, ताई.

मला शिव्या घालणारं पत्र पाठव.

बारकी


मंगळवार, ४ मार्च

बारके,

शिव्या घालायला वेळ नाही. दिवसातून पाच वेळा बोट, चार वेळा सुई, शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन एक सुई, आणि उरलेल्या वेळात नोकरी. ग्रंथपाल समजूतदार आहेत. शिवणकामाचं टेबल खिडकीपाशी हलवून दिलंय, तिथून शाळेचं फाटक दिसतं.

तुझं ते सहा तारखेचं पत्र मिळालं होतं. दहा तारखेला. वाचलं, आणि शिवायला आलेल्या एका जाड शब्दकोशाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवून टाकलं. आता तो कोश फाटेल तेव्हा कुणाला सापडेल ते सापडो. तू लिहिलंस ते तुला तेव्हा खरं वाटत होतं. मलाही अर्धं खरं वाटत होतं, म्हणून तर लागलं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बुधवारी दुपारी मी तिला पुन्हा न्यायला निघाले होते. बूट घातले, टॅक्सीवाल्याला फोन केला. मग डोळ्यांपुढे ती खिडकी आली. "पुन्हा तुम्ही?" म्हणेल, भुवया वर करेल, तो तरुण डॉक्टर दमलेल्या आवाजात मावशी म्हणेल. मी टॅक्सी परत पाठवली. बूट काढले आणि ग्लुकोज कालवायला घेतलं. एक दिवस, बारके. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आली असती तर अतिदक्षतेत ठेवायला लागलं नसतं. त्यांनी सहज सांगितलं. तू मला 'साखर पाजलीस' म्हणालीस तेव्हा मी गप्प राहिले, ते सोशिक आहे म्हणून नाही. मला वाटलं, हिला ते कळलंय.

तक्रार करायला गेले होते. पहिल्या दिवशी, "लेखी आणा." लेखी नेलं, "दोन प्रती लागतात." दोन नेल्या, "तक्रार विभाग बुधवारी." शेवटी एका बाईनं चार फेब्रुवारीची नोंद काढून वाचून दाखवली. ऐक: 'उलट्या, एक दिवस. पाणी व्यवस्थित पिते. सोबत: आया, घाबरट.' पुढे पूर्णविराम. पंधरा दिवसांची तहान कुठेच नाही. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं." ती म्हणाली, "नोंदीत नाही म्हणजे सांगितलं नसावं."  मी जे बोलले ते त्यानंच लिहायचं, आणि त्यानं लिहिलं नाही म्हणून मी बोललेच नाही.

सही आईचीच लागेल म्हणतात. मावशीची तक्रार चालत नाही.

ताई


शनिवार, ८ मार्च

ताई,

सोबत अर्ज जोडलाय. तीन प्रती, बुधवार असो की नसो. खाली मी लिहिलंय की माझ्या गैरहजेरीत माझ्या मुलीबाबत तू सांगशील ते मी सांगितल्यासारखं धरावं. इथल्या साहेबांचा शिक्का घेतलाय. ते म्हणाले, "याला कायद्यानं किती किंमत आहे माहीत नाही." म्हटलं, तुम्ही मारा तर खरं.

पुन्हा सुट्टी मागितली होती, नाही मिळाली. मधेच गेले तर जागा जाते. चिडचिड होते, दुर्बिणीतून बघताना डोळा भरून येतो आणि आकडा दिसत नाही. एप्रिलची पाच तारीख पक्की आहे.

त्या बुधवारचं वाचलं. मी तुला लिहिलंच होतं ना, पुन्हा धावू नकोस म्हणून? ते पत्र वेळेवर मिळालं असतं तर तू गुरुवारीसुद्धा माझ्या सांगण्यावरून थांबली असतीस का, याचा विचार मी चार दिवस करतेय. तेव्हा त्या बुधवारात माझाही वाटा आहे. तू एकटीनं सगळा उचलू नकोस, तुझी पाठ तशीही दुखते.

बारकी


शुक्रवार, २१ मार्च

बारके,

अर्ज घेतला त्यांनी. शिक्का बघून खुर्ची दिली. परवा बोलावणं आलं म्हणून गेले. लांब टेबल, तिघेजण, पाण्याच्या बाटल्या. त्यांनी उत्तर वाचून दाखवलं: झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, संबंधितांना योग्य त्या सूचना दिल्या आहेत, प्रकरण बंद करण्यात येत आहे. गैरसोय. मी विचारलं, "सूचना काय दिल्यात? उलट्या होणारं मूल आलं तर बोट टोचणार का आता?" मधला म्हणाला, "तो वैद्यकीय निर्णय असतो." मी म्हटलं, "मग प्रकरण बंद कसं?" तिघांनीही कागद सारखे करायला घेतले. मी वरच्या कचेरीत अर्ज करणार आहे. चालेल ना? तूच सही दिली आहेस, आता मागे फिरता येणार नाही.

बाहेर आले तर फाटकापाशी तो उभा होता. तो तरुण डॉक्टर. साध्या कपड्यांत ओळखूच आला नाही, एखाद्या कॉलेजातल्या पोरासारखा दिसत होता. म्हणाला, "मी तुमची वाट बघत होतो."



तो म्हणाला, त्या दिवशी त्याची सलग दुसरी पाळी होती, एकजण रजेवर होता, पोटाच्या संसर्गाची तिसावी की एकतिसावी केस. "हे कारण म्हणून सांगत नाही," म्हणाला, आणि कारण म्हणूनच सांगत होता. मग एकदम थांबला. म्हणाला, "तुम्ही चिठ्ठी दिली होती. मी ती घेतली नाही. मला ते आठवतंय. नोंदीत नाहीये, पण मला आठवतंय."

बारके, मला वाटलं होतं, हे कुणाच्या तोंडून ऐकलं की बरं वाटेल. नाही वाटलं. उलट रागच आला. आठवतंय तर आत त्या टेबलापाशी येऊन का नाही सांगितलंस, रे? तिथे मी खोटी पडत होते.

मी म्हटलं, "वरच्या अर्जात तुमचं नाव आहे. मी ते काढणार नाही."

तो म्हणाला, "काढू नका. आणि मला आठवतंय हेही लिहा. मी सही करून देतो."

तिथेच, फाटकाच्या कठड्यावर कागद ठेवून त्यानं चार ओळी लिहिल्या. अक्षर घाणेरडं आहे, पण वाचता येतं. यानं त्याची नोकरी जाईल की राहील, मला माहीत नाही. तो निघताना "कशी आहे ती?" म्हणाला. मला सांगायचं नव्हतं. त्याला हक्क नाही असं वाटलं. दहा पावलं गेले, मग वळून सांगितलं की शाळेत जाते, कालपासून स्वतःचं बोट स्वतः टोचते, मला हात लावू देत नाही. तो मान हलवत राहिला. मग मला बस पकडायची होती.

त्याच्या चार ओळी तुला पाठवत नाही, वाटेत हरवतील. पाच तारखेला आलीस की वाच, आणि मग आपण दोघी मिळून वरच्या कचेरीत जाऊ.

ताई